इंदूर पद्धतीचे खत : एका शोधाचे श्रेय आणि त्याचा प्रवास

१

परसातील कापलेले गवत, झाडांचा पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातील काडीकचरा कुजवून त्याचे खत करणे ही गोष्ट आज इतकी परिचयाची झाली आहे की, तिलाही एक इतिहास आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘कंपोस्ट’ हा शब्द मराठीत आता रुळला आहे. एकत्र ठेवलेले, मिसळलेले असा त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ. इंग्लंड-अमेरिकेतील बागकामाच्या पुस्तकांत या विषयाचे प्रकरण उघडले तर तेथे पुष्कळदा इंदूरचे नाव आढळते. होळकरांच्या राजधानीचे नाव पेनसिल्व्हेनियातील परसबागेत कसे पोचले, तेथे पोचताना त्या पद्धतीतून काय गळाले, आणि ज्या भूमीत ती सिद्ध झाली तेथेच ती का रुजली नाही, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अशा विषयाच्या मांडणीत दोन टोकाच्या भूमिका संभवतात. एका भूमिकेप्रमाणे कंपोस्ट हा एका इंग्रज शास्त्रज्ञाचा शोध ठरतो. दुसरीप्रमाणे आमच्या पूर्वजांना हे सर्व अगोदरच ठाऊक होते असे म्हणून विषय संपविला जातो. दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत, परंतु उपलब्ध पुराव्याला त्यांपैकी एकही उतरत नाही.

२

प्रथम पूर्वस्थिती पाहू. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाध्यायात झाडांसाठी पोषक द्रव्ये सांगितली आहेत. शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांची पूड, तीळ, सातूचे पीठ, मांस व पाणी हे सर्व सात रात्री एकत्र ठेवून ते झाडांना घालावे, असे तेथे विधान आहे. हे आंबवलेले द्रव खत होय. पालापाचोळ्याचा ढीग रचून, त्यात हवा खेळती ठेवून, नियमाने उलथून केलेले घन खत ते नव्हे. खताचे महत्त्व जाणणे वेगळे आणि एखादी विशिष्ट प्रक्रिया जाणणे वेगळे. हा भेद येथेच ध्यानात ठेवला पाहिजे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याची परंपरागत साधने म्हणजे शेणखत आणि उकिरडा. गोठ्यातील शेण, चघळ, राख व केर उकिरड्यावर पडे आणि पावसाळ्यापूर्वी गाड्या भरून शेतावर जाई. परंतु उन्हाळ्यात हा ढीग वाळून जाई, पावसात त्यातील सत्त्व धुपून जाई, आणि गोमूत्राचा बराच भाग जमिनीत मुरून वाया जाई. शिवाय शेणाचा मोठा वाटा गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जात असे. १८८९ मध्ये हिंदुस्थानात पाठविलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात या गोष्टीचे केलेले निदान आजही मननीय आहे. रयत अज्ञानामुळे शेण जाळते असे न म्हणता सरपणाच्या टंचाईमुळे जाळते, असे त्यांनी दाखवून दिले, आणि उपाय म्हणून सरपण व वैरण यांसाठी वनक्षेत्रे राखण्याची शिफारस केली.

कोकणात व मावळात तर पाला कुजविण्यापेक्षा जाळण्याचीच रीत दृढ होती. भाताच्या किंवा नाचणीच्या रोपांसाठी निवडलेल्या जागेवर शेण, फांद्या, पाला व गवत यांचे थर पसरून ते पेटवावयाचे, यास राब म्हणतात. राबामुळे तणाचे बी मरते, जमीन तापते व राखेतील क्षार रोपांस मिळतात. म्हणजे ही रीत निरर्थक नव्हती. परंतु तीत पाल्यातील सेंद्रिय द्रव्य व नत्र हवेत जाते. राबासाठी झाडे तोडण्याच्या हक्कावरून मुंबई इलाख्यात वनखाते आणि शेतकरी यांच्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बराच संघर्ष झाला. त्याच सुमारास, १८८३ साली, जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जमिनीच्या ऱ्हासाची मीमांसा केली. डोंगरावरील पालापाचोळ्याचे व मृत जीवांचे कुजलेले सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरते, ही गोष्ट त्यांनी स्पष्ट नोंदविली आणि ते सत्त्व वाहून जाऊ नये म्हणून बंधारे सुचविले. पालापाचोळा ही जमिनीची ठेव आहे आणि ती कोणाच्या हाती राहणार हा सत्तेचा प्रश्न आहे, हे सूत्र मराठी विचारात इतक्या लवकर आलेले आहे. कंपोस्टच्या इतिहासात त्याची दखल सहसा घेतली जात नाही.

३

युरोपात मात्र विचाराची दिशा वेगळी होती. १८४० साली लीबिग यांचा कृषिरसायनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि वनस्पतीचे पोषण खनिज द्रव्यांवर होते हा सिद्धान्त प्रस्थापित झाला. कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचे, म्हणजे ह्यूमसचे, महत्त्व त्यामुळे मागे पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी ही भूमिका पुन्हा तपासली जाऊ लागली. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी चीन, कोरिया व जपान या देशांत फिरून तेथील शेतकरी पिकांचे अवशेष, गाळ व मानवी मैला यांचे खत कसे करतात याचे वर्णन केले. त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९११ साली प्रसिद्ध झाले. १९२१ साली इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे हचिन्सन व रिचर्ड्‌स यांनी, गुरांच्या साहाय्यावाचून केवळ पेंढ्यावर नत्रयुक्त रसायन घालून शेणखतासारखे खत होऊ शकते, असे दाखविले. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गिल्बर्ट फाउलर यांनीही मैला व कचरा यांच्यावर या प्रकारचे प्रयोग केले होते.

या सर्व प्रयोगांतून एक तत्त्व पुढे आले. काडीकचरा कुजविणारे सूक्ष्मजीव कर्बावर जगतात, पण त्यांच्या देहाच्या घडणीस नत्र लागते. पऱ्हाटी, तुराट्या, वाळलेली पाने यांत कर्ब विपुल आणि नत्र अल्प. म्हणून ती नुसती पडून राहिली तर वर्षानुवर्षे कुजत नाहीत. उलट कोवळ्या हिरव्या गवतात नत्र पुष्कळ असते. परंतु त्याचा नुसताच ढीग केला तर तो दबून घट्ट होतो, आत हवा शिरत नाही आणि खत न होता ते आंबून दुर्गंधी सुटते. कर्ब व नत्र यांचा मेळ, पुरेसे पाणी आणि पुरेशी हवा या तीन गोष्टी साधणे हाच कंपोस्टचा सगळा प्रश्न होय.

४

अल्बर्ट हॉवर्ड (१८७३–१९४७) हे १९०५ साली बिहारमधील पुसा येथील संशोधन केंद्रात आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून गव्हाच्या सुधारलेल्या जाती सिद्ध केल्या. परंतु पीक, माती, कीड, रसायन या प्रत्येकाचे वेगळे खाते आणि कोणाचा कोणाशी संबंध नाही, ही संशोधनाची विभागणी त्यांना जाचू लागली. अखंड पिकाचा अभ्यास करणारी स्वतंत्र संस्था हवी, या त्यांच्या कल्पनेला इंदूरमध्ये आश्रय मिळाला. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली, इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी द्रव्यसाहाय्य केले, आणि १९२४ साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था उभी राहिली. इंदूर दरबाराला हा विषय अगदीच नवखा होता असेही नाही. पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली दरबारास सादर केलेल्या नगररचनेच्या अहवालात शहराचा मैला व कचरा यांचा उपयोग बागांकडे करावा, असा विचार मांडलेला होता.

या संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात खताची जी पद्धत सिद्ध झाली तीच ‘इंदूर पद्धत’. ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ या नावाने तिचे विवेचन १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. या ग्रंथावर लेखक म्हणून दोन नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे संस्थेच्या रसायन विभागातील प्रमुख साहाय्यक होते.

पद्धतीचे स्वरूप थोडक्यात असे. शेतावर निघणारा सर्व काडीकचरा वर्षभर साठवावयाचा. पऱ्हाटीसारखी कठीण धाटे शेतातील गाडीवाटेवर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यावयाची. हिरवे गवत व तण प्रथम सुकवावयाचे; ओल्या हिरव्या पाल्याचा थर ढिगात घालावयाचा नाही. या मिश्रणाचा बिछाना गोठ्यात गुरांखाली घालावयाचा, म्हणजे त्यात शेण व मूत्र मिसळते. गोठ्याची जमीन मातीची ठेवून मूत्राने भिजलेली ती माती अधूनमधून खणून घ्यावयाची व तिचाही उपयोग करावयाचा. नंतर ३० फूट लांब, १४ फूट रुंद व सुमारे २ फूट खोल अशा खड्ड्यात या द्रव्यांचे थर पसरून त्यांवर शेणकाला, मूत्रमाती व लाकडाची राख शिंपावयाची आणि पाणी मारावयाचे. सुरुवातीस कर्ब व नत्र यांचे प्रमाण सुमारे ३३ : १ असावे. खड्डा पायांनी तुडवावयाचा नाही. पहिली उलथापालथ सुमारे पंधरा दिवसांनी, दुसरी एका महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत भुसभुशीत, काळसर, दुर्गंधरहित खत तयार होते. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचते, म्हणून त्या दिवसांत जमिनीवर ढीग रचावयाचे.

आता यात नवे काय होते? शेण, मूत्र, राख, माती व पाला यांपैकी एकही द्रव्य नवे नव्हते. पिकाचे अवशेष कुजविण्याची चिनी रीत किंग यांच्या पुस्तकातून हॉवर्ड यांस परिचित होती, आणि ते ऋण त्यांनी मान्य केले आहे. आपण हिंदी शेतकऱ्यांकडून शिकलो असेही त्यांनी पुनःपुन्हा लिहिले आहे. नत्राच्या आवश्यकतेचे तत्त्व रोथॅमस्टेडचे. नवी होती ती या सर्वांची सांगड. कोणत्याही खेड्यात, विकतच्या रसायनावाचून, ठरावीक मुदतीत, सारख्या प्रतीचे खत निघेल अशी मोजलेली व पडताळलेली क्रिया इंदूरात प्रथम सिद्ध झाली. आता सांगड मोजमापावर उभी राहते आणि मोजमाप रसायनशाळेत होते. कर्ब-नत्राचे प्रमाण, ओलाव्याचे मान, कुजण्याच्या निरनिराळ्या अवस्थांतील द्रव्याचे पृथक्करण हा या पद्धतीचा कणा आहे, आणि म्हणूनच रसायन विभागातील सहकाऱ्याचे नाव ग्रंथाच्या शीर्षपृष्ठावर बरोबरीने आले आहे. पुढे प्रसृत झालेल्या लोकप्रिय वाङ्मयात मात्र बहुधा एकट्या हॉवर्ड यांचेच नाव उरले. गॅब्रिएल हॉवर्ड यांच्या वाट्यालाही असेच काहीसे आले. संस्थेच्या उभारणीत त्यांचा पूर्ण वाटा होता, पण १९३० साली त्यांचे निधन झाल्यामुळे पुढील कीर्तिकाळात त्यांचे नाव ओझरतेच येते. शोधाच्या इतिहासात श्रेय नेहमी शेवटी बोलणाऱ्याकडे सरकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

५

१९३१ साली हॉवर्ड इंग्लंडला परतले. १९४० साली त्यांचे ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि इंदूर पद्धतीचा पाश्चात्त्य जगातील प्रवास वेगाने सुरू झाला. तत्पूर्वीच आफ्रिकेतील कॉफीच्या आणि हिंदुस्थानातील चहाच्या मळ्यांवर तिचा अवलंब झालेला होता. मळेवाल्यांजवळ भांडवल, गुरे व रोजंदारीवरील मजूर हे तिन्ही होते. १९४२ साली अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी सेंद्रिय शेती व बागकाम यांना वाहिलेले मासिक काढले, १९४३ साली इंग्लंडमध्ये ईव्ह बाल्फोर यांचे ‘द लिव्हिंग सॉइल’ प्रसिद्ध झाले, आणि १९४६ साली सॉइल असोसिएशनची स्थापना झाली. या मार्गाने ही पद्धत शेतावरून परसात आली.

परसात येताना तिच्यात एक मूलभूत फरक पडला. इंदूरला नत्राचा उगम गोठा होता. घरगुती बागेत गोठा नव्हता. त्या जागी आले हिरवळीचे गवत. १८३० साली बडिंग यांनी गवतकापणीच्या यंत्राचे एकस्व घेतल्यापासून सामान्य घरापुढेही हिरवळ राखणे शक्य झाले होते, आणि तिच्या कापणीतून दर आठवड्यास नत्रयुक्त कोवळे गवत निघे. शरद ऋतूत गळणारी पाने हा कर्बाचा साठा. म्हणजे इंदूरच्या गोठ्याचे व पऱ्हाटीचे काम तेथे हिरवळ व पानगळ करू लागली. स्वतः हॉवर्ड प्राणिज द्रव्यावाचून उत्तम ह्यूमस होत नाही या मताचे होते. परंतु पुढील अनुभवाने व संशोधनाने हा आग्रह टिकला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्रयोगांतून, आणि त्यांच्या आधारे हॅरल्ड गोटास यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५६ साली लिहिलेल्या ग्रंथातून, द्रव्यांचे प्रमाण, ओलावा व हवा योग्य असल्यास वेगळे विरजण घालण्याची गरज नाही, असा निष्कर्ष निघाला. गवत सुकवून घ्यावे, वाळल्या पानांशी मिसळावे, ढीग उलथावा, हे तेथील गृहस्थास सांगितले जाणारे नियम मात्र मूळ इंदूरचेच राहिले. इंदूर पद्धतीत तत्त्व कोणते आणि स्थानिक उपकरण कोणते, याचा निवाडा अशा रीतीने दूरच्या परसबागांत झाला.

६

मायभूमीतील हकीकत निराळी आहे. हॉवर्ड यांच्यानंतर एफ. के. जॅक्सन व वाड यांनी १९३४ साली वस्तीतील मैला व कचरा यांच्यासाठी हीच पद्धत वापरण्याविषयी पत्रिका प्रसिद्ध केली. म्हणजे वाड यांचे काम हॉवर्ड गेल्यावरही चालू होते. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनानिमित्त इंदुरास आलेल्या गांधीजींनी संस्थेस भेट दिली, आणि ‘हरिजन’मधून या खताचा पुरस्कार झाला. १९३९ च्या सुमारास बंगलोर येथे सी. एन. आचार्य यांनी वारंवार उलथापालथ न करता खड्डा लिंपून ठेवण्याची पद्धत बसविली. ती श्रम वाचविणारी असल्यामुळे नगरपालिकांनी स्वीकारली. १९४७ च्या डिसेंबरमध्ये मीराबेन यांच्या प्रेरणेने दिल्लीत अखिल भारतीय कंपोस्ट परिषद भरली. प्रचाराची उणीव होती असे म्हणता येणार नाही. तरीही मूळ इंदूर पद्धत सामान्य शेतकऱ्याच्या घरी रुजली नाही.

याची कारणे तीन. पहिले, सरपण. व्होल्कर यांनी सांगितलेली अडचण कायमच होती. चुलीची सोय झाल्यावाचून शेण खड्ड्यात येणे शक्य नव्हते. दुसरे, पाणी व श्रम. तीन महिने ढीग ओला ठेवावयाचा आणि तीनदा उलथावयाचा, हे काम कोरडवाहू शेतकऱ्यास, विशेषतः उन्हाळ्यात, परवडणारे नव्हते. इंदूरच्या प्रक्षेत्रावर ते पगारी मजूर करीत. तिसरे कारण सर्वांत खोल आहे व त्याचा उच्चार सर्वांत कमी झाला आहे. घाण हाताळणे हे काम जातीने नेमून दिलेले होते. नगरांतील मैल्याच्या कंपोस्ट योजना उभ्या राहिल्या त्या टोपलीच्या संडासांवर, म्हणजे भंगी म्हणून हिणविलेल्या जातींच्या माथ्यावर. खताला ‘सोनखत’ म्हणावे आणि ते वाहणाऱ्यास मात्र शिवू नये, ही विसंगती कोणत्याही कर्ब-नत्र प्रमाणाने सुटणारी नव्हती.

ही विसंगती ओळखणाऱ्यांत आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून त्यांनी अन्नत्याग केला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनीही उपवास आरंभिला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत जागच्या जागी होईल आणि कोणासही तो वाहावा लागणार नाही अशा संडासांचे प्रयोग केले. शास्त्रज्ञांनी ढिगाचा प्रश्न सोडविला होता; ढीग कोणी हाताळावयाचा हा प्रश्न आप्पासाहेबांनी हाती घेतला. दोन्ही मिळून एकच इतिहास होतो.

श्रमाच्या प्रश्नाला पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी उत्तर शोधले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी ‘नाडेप’ पद्धत म्हणजे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे टाके. त्याच्या भिंतींत भोके ठेवलेली असतात, त्यामुळे हवा आपोआप खेळते व उलथापालथ टळते. शेण अत्यल्प लागते, माती व काडीकचरा अधिक. सरपण व श्रम या दोन्ही अडचणींना हे एकाच वेळी दिलेले उत्तर होय. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारा हाच विचार गच्चीपर्यंत नेला. शहरातील कुटुंबाने आपल्याच पालापाचोळ्यावर भाजी पिकवावी, आणि प्रयोग करणाऱ्यास संशोधक मानावे, हा त्यांचा आग्रह होता.

७

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा करणे घरोघरी बंधनकारक केले. २०१७ साली स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर शहराने पहिला क्रमांक मिळविला आणि पुढे अनेक वर्षे सलग राखला. हॉवर्ड व वाड यांच्या कार्याशी या यशाचा सरळ कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे होईल. तथापि एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. मोठ्या गृहसंकुलांत खताचे पिंप बसते, आणि त्यातील कचरा निवडण्याचे व हलविण्याचे काम पुष्कळदा पुन्हा त्याच वर्गाकडे जाते. पुण्यात कचरावेचकांच्या संघटनेतून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था या कामास श्रमाचे मोल व मान मिळवू पाहते, म्हणून या इतिहासात तिचीही नोंद आवश्यक ठरते.

एकंदर विवेचनावरून असे दिसते की, इंदूर पद्धत ही कोणा एकाची निर्मिती नव्हे. चिनी शेतकऱ्याची रीत, माळव्यातील गोठा, रोथॅमस्टेडचे रसायन, हॉवर्ड दांपत्याची दृष्टी व वाड यांचे पृथक्करण यांच्या संयोगाने ती झाली. तिचे नाव जेथे गेले तेथे हिरवळ होती, पाणी होते, आणि स्वतःच्या परसातील ढीग स्वतः उलथण्यात कमीपणा मानला जात नव्हता. ती जेथे जन्मली तेथे शेण चुलीत जात होते आणि फावडे दुसऱ्याच्या हाती होते. कृषितंत्राचा प्रसार का झाला वा का झाला नाही याचा अभ्यास करणाऱ्याने खड्ड्याच्या लांबीरुंदीबरोबरच फावडे कोणाच्या हाती होते हेही मोजले पाहिजे. त्या दृष्टीने संस्थानी दप्तरे, नगरपालिकांचे वार्षिक अहवाल आणि कृषिखात्याच्या मराठी पत्रिका यांचा पद्धतशीर अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेतल्यास या विषयावर पुष्कळ नवा प्रकाश पडेल.